अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदला म्हणे. रात्री कोण बदलणार?

नर्सिंग कॉलेजात शिकवत होते, त्यामुळे एम.एस्सी.चे प्रबंध भरपूर वाचलेत. बहुतेक एकाच साच्यातले: अमुक विषयावरच्या स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता. आधी प्रश्नपत्रिका, मग तासभर शिकवायचं, मग तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढतात. (न वाढले तरच नवल!) पेशंटच्या पाठीचं काय झालं, ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.

आता आपल्या बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातली घरं बघा. मुलं कॅनडाला नाहीतर पुण्याला. घरात अंथरुणाला खिळलेले काका, गुडघे धरून चालणाऱ्या काकू आणि ब्यूरोतून पगारावर आलेल्या, पेशंटची काळजी घेणाऱ्या बेन. डिस्चार्ज देताना आपण सांगतो, 'दर दोन तासांनी कूस बदला, बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) होणार नाही.' रात्री बाराला, दोनला, चारला कोण बदलणार, हे विचारत नाही.

दोनच तास का, हे काहींनी तपासून पाहिलं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 'टर्न' अभ्यासात अमेरिका-कॅनडाच्या 27 नर्सिंग होममधले, बेडसोअरचा मध्यम ते जास्त धोका असलेले 900 हून अधिक रहिवासी होते. कुणाची कूस दोन तासांनी बदलली, कुणाची तीन, कुणाची चार. जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. पण म्हणून उद्यापासून चार तासांवर जाऊ नका! त्यांच्याकडे हाय डेन्सिटी फोमच्या गाद्या होत्या आणि पाळीवर स्टाफ होता. आपल्याकडे मधोमध खड्डा पडलेली कापसाची गादी, बडोद्याचा मे महिना आणि घामाने भिजलेला डायपर. इथला प्रश्न इथेच तपासावा लागेल.

दुसरा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. जन्मभर अस्खलित गुजराती बोललेल्या काकू डिमेन्शिया वाढल्यावर फक्त मराठीत हाका मारतात. बेन दाहोदकडच्या, त्यांना काही उमगत नाही. काकू चिडतात, हात झटकतात, आणि शांत राहायची गोळी सुरू होते. गोळीच्या आधी काय काय करून बघायचं, यावर कोण संशोधन करणार? आयुष्मान कार्ड 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं. रात्रीच्या बेनचा पगार घरच्यांनीच द्यायचा.

ब्रिटनमध्ये 2004 साली जेम्स लिंड अलायन्स सुरू झाली. पेशंट, घरी काळजी घेणारे आणि नर्स-डॉक्टर एकत्र बसून संशोधनाचे पहिले दहा प्रश्न ठरवतात. औषध कंपन्यांना तिथे जागा नाही. आपल्याकडे विषय प्रबंधाचे गाईड ठरवतात, आणि सहा महिन्यांत उरकेल असाच.

अशी बैठक बडोद्यात घ्यावी, गुजराती-मराठीत. बेनना त्या दिवसाची मजुरी द्यावी, नाहीतर त्या येणार नाहीत आणि त्यांच्या वतीने पुन्हा आपणच बोलू. घरी काळजी घेणाऱ्या सुनांना दुपारची वेळ बरी पडेल.

गाईड म्हणतील, एका विद्यार्थिनीला अभ्यासासाठी एवढं सँपल, म्हणजे एवढे पेशंट, मिळणार नाही. खरंय. मग चार कॉलेजांनी मिळून एकच प्रश्न घ्यावा आणि गाद्यांपासून सुरुवात करावी.