टेसच्या अंगावर उडालेलं रक्त

यवतमाळ-वाशीमकडच्या वाचकांत सध्या एक मजकूर या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरतो आहे. म्हणणं थोडक्यात असं: कादंबरीत सुरुवातीलाच रक्त सांडलं, जनावर मेलं, की नायिका मरणार हे समजावं. ही लेखकांची ठरलेली युक्ती, तिने शेवट फुटतो. शिवाय हा अपशकुन, म्हणजे अंधश्रद्धा. आणि आपल्या भागात आधीच दुःख काय कमी आहे? गावच्या वाचनालयात असली पुस्तकं नकोत. दाखला दिलाय टॉमस हार्डीच्या १८९१च्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स'चा.

मग 'टेस'च नीट वाचू. बाप दारू पिऊन पडलेला, म्हणून मधमाश्यांच्या पेट्या बाजारात पोचवायला टेस धाकट्या भावाला घेऊन रात्रीच गाडी जुंपते. वाटेत तिचा डोळा लागतो. समोरून आलेल्या टपालगाडीचा टोकदार दांडा प्रिन्सच्या, घरातल्या एकमेव घोड्याच्या, छातीत घुसतो. टेस धावत जाऊन त्या जखमेवर हात दाबून धरते, तर रक्ताच्या चिळकांडीने ती तोंडापासून घागऱ्यापर्यंत माखते.

शेवटी आपलं आयुष्य नासवणाऱ्या अ‍ॅलेकचा खून करून टेस फासावर जाते, हे खरं. पण मधली पानं गाळून कसं चालेल? घोडा गेला म्हणून बापाचा धंदा बसला. धंदा बसला म्हणून आईने तिला श्रीमंत 'नातलगां'कडे धाडायचं काढलं. आपल्यामुळे झालं, या टोचणीने ती गेली, आणि तिथे अ‍ॅलेक भेटला. ऐन डवरणीत जोडीतला एक बैल गेला तर घरावर काय येतं, हे ज्याने पाहिलंय तो याला युक्ती म्हणणार नाही. हे रक्त पुढच्या मरणाची नुसती चाहूल देत नाही, तिथूनच त्या मरणाला सुरुवात होते. कुणी बोल लावत नसताना टेस तेव्हाच स्वतःला खुनी समजू लागते. पुढे खरा खून होतो तो हार्डी दाखवतही नाही. खालच्या खोलीत बसलेल्या घरमालकिणीला छतावर पसरत जाणारा लाल डाग दिसतो, बस्स.

शेवट फुटतो हा आक्षेप तर फारच कच्चा. मार्केझच्या 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड'मध्ये (१९८१) सांतियागो नासार मारला जाणार हे पहिल्याच वाक्यात आहे. तरी त्याच्यासमोर सशांची आतडी काढून कुत्र्यांपुढे टाकली जातात, तेव्हा अंगावर काटा येतोच.

अपशकुनाचं म्हणाल, तर गाडगेबाबांच्या मुलखात त्याला विरोध हवाच. पण टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कारेनिना'त सुरुवातीलाच रेल्वेखाली माणूस चिरडतो, त्याला अपशकुन म्हणते ती अ‍ॅना. ते दृश्य तिच्या मनात घर करतं आणि शेवटी ती स्वतः रेल्वेखाली जीव देते, त्या घडीला तोच माणूस तिला आठवतो. यात दैव कुठे आलं? सुमार कादंबऱ्यांत उगाच रक्त सांडतात, हे मला मान्य आहे. त्यांना खुशाल नावं ठेवा.

वाचनालयाच्या मुद्द्याचा मात्र मला मनापासून राग येतो. आपल्या माणसांना काय झेपेल, हे परस्पर ठरवणारे हे कोण? प्रिन्सचं कलेवर विकून थोडे पैसे येत होते. घरात अडचण असताना टेसचा बाप ते नाकारतो आणि स्वतः बागेत खड्डा खणून त्याला पुरतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने बैलाचे खांदे शेकणाऱ्या माणसापासून हे पान लपवून ठेवायचं?