प्रतिक्रियेला उत्तर : मारिंबाची पट्टी आणि मृदंगाची शाई

नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : व्हायब्राफोनचं, म्हणजे धातूच्या पट्ट्या ठोकून वाजवायच्या वाद्याचं, श्रेय मी शिकागोच्या डिगन कंपनीला दिलं, ते चूक. आणि घरात मृदंग, शेजारी गोव्यात मातीच्या घड्यावर कातडं ताणलेलं घुमट असताना परदेशी कारखान्यात यंत्रावर कापलेल्या पट्ट्यांचं कौतुक कशाला? त्यात कसली आली कारागिरी? शिवाय, आपली वाद्यं बदलली नाहीत.

पहिली चूक कबूल. हे वाद्य १९२१ च्या सुमारास इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीत घडलं. पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडाशी चकत्या फिरवून सूर थरथरवायची कल्पना तिथली. डिगनच्या हेन्री श्लूटर यांनी १९२७ मध्ये पट्ट्या ॲल्युमिनियमच्या केल्या, सूर थांबवायला पायाखाली पेडल दिलं. आजचा व्हायब्राफोन त्याच वळणाचा आहे, पण मूळ लीडीचंच. लेख दुरुस्त केला आहे.

कारागिरीचं मात्र पटलं नाही. कुडाळजवळ आमच्या गावी घराच्या दुरुस्तीत सागवानी फळी उरली होती. तिची ४० सेंटीमीटरची पट्टी काढली, काथ्याच्या दोन दोऱ्यांवर ठेवली आणि काठीला सुतळीचा गोळा बांधून ठोकली. दोऱ्या टोकांशी होत्या. नुसतं 'थप'. सुतारकाका बघत होते, म्हणाले, "वायच भितुर घे." सरकवत सरकवत दोऱ्या दोन्ही टोकांपासून नऊ सेंटीमीटरवर आल्या आणि पट्टी बोलायला लागली! वर मीठ भुरभुरवून हलकेच ठोकत राहिलो, तर कण त्याच दोन जागी आडव्या रेघा धरून बसले. लांबीच्या साधारण २२.४ टक्क्यांवर पट्टी हलतच नाही, म्हणून तिथे टेकवली तरी आवाज मरत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. सपाट पट्टीचा पहिला उपसूर, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारा वरचा सूर, मूळ सुराच्या २.७६ पट असतो, तो कशाशीच जुळत नाही. म्हणून मारिंबाची, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या वाद्याची, पट्टी खालून मधोमध कमानीसारखी तासतात, उपसूर बरोबर चौपट, म्हणजे दोन सप्तकं वर बसेपर्यंत. झायलोफोन या तशाच लाकडी वाद्याला तिप्पट. लाकूड होंडुरासचं रोझवूड, आपल्या शिसवीच्याच कुळातलं. मधून जरा जास्त तासलं की सूर उतरतो आणि निघालेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. कापायला यंत्र असेल, शेवटचा हात कानाचाच लागतो.

आता तुमचा मृदंग घ्या. नुसत्या कातड्याचे उपसूरही असेच विस्कटलेले असतात. कातड्यावर शाईचा, म्हणजे काळ्या लेपाचा, थर द्यायचा, दगडाने घोटायचा, थाप मारून ऐकायचं, पुन्हा थर. तिकडे मधून काढतात, इथे मधे चढवतात, झगडा एकच. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं, की या शाईमुळेच आपल्या चर्मवाद्यांचे उपसूर मूळ सुराच्या पटीत बसतात. आपल्या कारागिरांनी हे त्याच्या कितीतरी आधी नुसत्या कानाने साधलं होतं. डिगनबद्दल लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तेच होते. लेखात ते यायला हवं होतं, एवढा तुमचा राग रास्त आहे.

"आपली वाद्यं बदलली नाहीत" हे मात्र लिहू नका. २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला, तो पूर्वीच्या घोरपडीच्या कातड्याच्या घुमटाला नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते कातडं वापरता येत नाही. करणाऱ्यांनी शेळीच्या कातड्यावर तो नाद नव्याने शोधला.

तुमच्या आजोबांचा मृदंग माळ्यावर आहे, असं तुम्ही लिहिलंय. मे महिन्यात मी देवगडला आहे. चालत असेल तर त्याची शाई बघायला येतो. मीठ घेऊनच.