सफरचंदाच्या स्टेम सेलने गुडघा दुरुस्त होत नाही

तो मेसेज एव्हाना तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. स्विस सफरचंदाच्या स्टेम सेलची पावडर, रोज उपाशीपोटी जिभेखाली, तीन महिन्यांत गुडघ्याची झिजलेली गादी नवी, शिवाय शुगर, किडनी, डोळे सगळं ठणठणीत, नोबेल मिळालेलं संशोधन, साइड इफेक्ट शून्य. नेहमीसारखं डिलीटच केलं असतं, पण मावशीने पैसे भरून डबे घेऊन ठेवलेत.

आधी ते सफरचंद. स्टेम सेल म्हणजे जिचं पुढे काय व्हायचं ते अजून पक्कं ठरलेलं नाही अशी पेशी, इथपर्यंत ठीक. पण म्हणून ती वाट्टेल ते होत नाही हो! आपल्या बोन मॅरोमधली रक्ताची स्टेम सेल रक्ताच्याच पेशी बनवते, लाल, पांढऱ्या, प्लेटलेट्स, गुडघ्याची गादी तिच्या कामातच नाही. डीएनए जवळपास सगळ्या पेशींत तोच असतो, फरक पडतो कुठले जीन चालू आणि कुठले बंद यावर, आणि ते ठरतं आजूबाजूच्या पेशींकडून काय सिग्नल येतात त्यावर. आता माणसाच्या स्वतःच्या पेशीची ही कथा, तर सफरचंदाची पेशी, जिच्यात जीन सफरचंदाचे आणि भोवती सेल्युलोजची भिंत, ती फार तर सफरचंदाचं झाड होईल. तेही जिवंत असली तर. ट्रान्सप्लांटसाठी पेशी साठवायच्या तर लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवतात, उणे १९६ अंशांच्या आसपास, आणि ही वाळवलेली पावडर कुरिअरने येते! जिभेखाली ठेवा नाहीतर चहात घाला, शेवटी पोटात जाऊन पचणार.

नोबेल खरंय, २०१२ साली, शिन्या यामानाका आणि जॉन गर्डन यांना. यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशीत चार जीन घालून तिला परत स्टेम सेलसारखं केलं. यात सफरचंद कुठे आलं? आणि तसल्या पेशी कच्च्याच शरीरात सोडल्या तर टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते, तिच्यात स्नायू सापडतात, मज्जातंतूच्या पेशी सापडतात, आणि गुडघ्याची गादी जिची असते ती कूर्चासुद्धा. म्हणजे गादी बनते, फक्त गुडघ्यात नाही, गाठीत.

साइड इफेक्टचं म्हणाल तर पावडरीने कदाचित काहीच होणार नाही. पण मेसेजच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय की इंग्रजी गोळ्या हळूहळू बंद करा, त्रास वाढला तर घाबरू नका, शरीर साफ होतंय. अरे, शुगरच्या पेशंटला हे सांगताय? मावशी शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, अर्धी करायच्या बेतात होती! उद्या शुगर चारशेवर गेली तर तेही ‘साफ होणं’च का?

बाकी, स्टेम सेलने काहीच बरं होत नाही असं मी म्हणत नाहीये. ल्युकेमिया, थॅलेसेमियात बोन मॅरो ट्रान्सप्लांटने माणसं वाचतात, टाटा मेमोरियलमध्ये १९८३ पासून होतंय. पण आयसीएमआरच्या, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या, २०१७ च्या गाइडलाइन्स उघडून बघा, रक्ताच्या ठराविक आजारांतलं हे ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचे बाकी उपचार फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचे असं स्वच्छ लिहिलंय. आणि ट्रायल असेल तर तिची सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंद लागते आणि पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात.

तेव्हा ज्यांनी डबे विकले त्यांनी तो सीटीआरआय नंबर ग्रुपवर टाकावा. नसेल तर मावशीचे पैसे परत करावेत.