विषय निवडायचाय? आधी काकांना विचारा

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता अकरावीचा फॉर्म भरायचा आहे. त्यात 'ऐच्छिक विषय' असे दोन शब्द येतात. पालकहो, ते वाचून बिचकू नका. विषय ऐच्छिक आहेत असं बोर्डाने म्हटलंय, पण इच्छा कोणाची ते कुठेच लिहिलेलं नाही. ती जागा मोकळी आहे. ती तुम्ही भरा.

कॉलेज रोडवरचा एखादा नेट कॅफे गाठा. मुलाला सोबत न्या, कारण आधार कार्ड त्याच्या नावाचं आहे. खुर्चीवर तुम्ही बसा, त्याला मागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसवा, म्हणजे स्क्रीन अर्धीच दिसेल. कॅफेवाला पोरगा मान वर न करता विचारेल, "सायन्सच ना?" आणि तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत त्याचं क्लिक झालेलंही असेल. अनुभवी माणूस आहे, दिवसाला असे पन्नास बाप बघतो. पुढे कॉलेजांचे दहापर्यंत पसंतीक्रम द्यायचे असतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. २०२५ पासून ही ऑनलाइन पद्धत सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. नाशिक शहराला ती त्याआधीपासूनच आहे, तेव्हा नवशिके असल्याचं सोंग आपल्याला शोभणार नाही.

फॉर्म भरण्याआधी सल्ला जरूर घ्या. समोरच्या बिल्डिंगमधले काका आहेत, ज्यांचा मुलगा हिंजवडीला आहे. सिडकोतली आत्या आहे, तिला सगळ्या कॉलेजांचे कटऑफ पाठ. क्लासच्या रिसेप्शनवरच्या मॅडम तर फी सांगता सांगता मुलाचा कल ओळखतात. एकाच माणसाला विचारायचं टाळा. तो स्टुलावर बसलाय. त्याला भलतंच काहीतरी आवडत असण्याची शक्यता असते.

आता मुख्य मुद्दा. सायन्समध्ये इंग्रजी सक्तीची आहे. दुसरी भाषा म्हणून मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन वगैरेंपैकी एक घेता येते, किंवा भाषेऐवजी आयटी घेता येतं. हे 'ऐवजी' फार मोलाचं आहे. आयटीचा ८० गुणांचा पेपर कॉम्प्युटरवर असतो आणि २० गुण प्रॅक्टिकलचे. बरेचसे प्रश्न रिकाम्या जागा भरा, चूक की बरोबर, योग्य पर्याय निवडा अशा घाटाचे. अभ्यासक्रमात एचटीएमएल आहे, जावास्क्रिप्ट आहे, बारावीला पीएचपीही आहे, पण त्याचा ताण घेऊ नका, गाइडमध्ये प्रश्नपेढी मिळते. मराठीत मात्र निबंध लिहावा लागतो. रसग्रहण असतं. कवीला काय म्हणायचंय याचा विचार करावा लागतो, आणि इतकं करून तपासणाऱ्या बाई शुद्धलेखनाचे गुण कापतात. हिशेब सरळ आहे.

कुणी म्हणेल, अहो, नाशिकमध्ये राहून मराठी सोडताय? कुसुमाग्रज याच गावचे ना? आहेत ना! म्हणून तर २७ फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिवशी, आपण मराठी भाषा गौरव दिन दणक्यात साजरा करतो. मुलाला फेटा बांधा, 'कणा' म्हणायला लावा, व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाका. त्यांना १९८७ चं ज्ञानपीठ मिळालं हेही त्याच्याकडून पाठ करून घ्या, स्पर्धा परीक्षेत उपयोगी पडतं. शिवाय सरकारने आपल्या वाटचं काम केलेलं आहे. २०२० च्या कायद्याने शाळांमध्ये पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण स्टेटस ठेवले. दहा वर्षं सक्तीची आणि वर अभिजात! एवढं झाल्यावर अकरावीत तिला थोडी विश्रांती द्यायला काय हरकत आहे?

त्याहून पुढचं पाऊल टाकायचं असेल तर बायफोकल घ्या. २०० गुणांचा एकच विषय, दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय दोन्ही एका दमात खलास. इथेही जरा जपून. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स म्हणा. क्रॉप सायन्स नावाचाही एक बायफोकल विषय असतो, तो चुकूनही उच्चारू नका. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेतलं पोरगं शिकायला नाशकात खोली करून राहतं, ते काय पिकांबद्दल शिकायला? द्राक्षावरचा डावणी रोग म्हणजे काय, छाटणीनंतर पाऊस आला की बापाचा चेहरा कसा होतो, हे त्याला ठाऊक आहेच. त्याच्यावर गुण कसले मागायचे? आणि कॉमर्सला 'सहकार' असतो. सोसायटी, बँक, कारखाना यांची निवडणूक ज्या घरात जेवणाच्या ताटावर लढवली जाते, त्या घरातलं पोरगंही तो विषय घेत नाही. प्रॅक्टिकल घरीच झालेलं असतं.

निवडीची ही सवय अकरावीत अचानक लागत नाही, नववीपासूनच लावून घ्यावी लागते. तिथे जलसुरक्षा नावाचा एक श्रेणीचा विषय आहे. श्रेणीचा म्हणजे टक्केवारीत न येणारा, म्हणजे वही पूर्ण करायचा. आमच्या शेजारच्या मुलाची वही मी पाहिलीय. वर्ख लावलेलं मुखपृष्ठ, आत जलचक्राचं चित्र, ढग निळे, बाण लाल, त्याखाली 'पाणी हे जीवन आहे', त्याखाली सहीसाठी रेघ. सगळ्या वर्गाच्या वह्यांतलं जलचक्र एकाच दिशेने फिरत होतं, कारण झेरॉक्स एकाच दुकानातली. घरापासून दहा मिनिटांवर गोदावरी. पाणवेलींनी इतकी हिरवीगार की पाणी कुठून सुरू होतं हे दाखवायला बाण लागावा. नळाला येतं ते गंगापूर धरणाचं पाणी. दिवाळीच्या आसपास, पाऊस कमी झाला असेल त्या वर्षी, नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचं यावर आंदोलनं होतात, प्रकरण कोर्टापर्यंत जातं, २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपाचा अर्थ जो तो आपापल्या कालव्यापुरता लावतो. या सगळ्यावर वर्गात एक तास जरी बोललं गेलं तरी मुलं एकमेकांशी भांडतील, घरी जाऊन आजोबांना प्रश्न विचारतील. नको. वही वेळेत द्या. 'अ' श्रेणी मिळेल.

त्याच वर्षांत इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षाही उरकून घ्या. ए ग्रेड आली तर दहावीला ७ गुण वाढतात. गुण पदरात पडले की रंगांची पेटी धाकट्या बहिणीला द्यायची. पुढेही चित्रं काढत बसला तर मात्र क्लासच्या मॅडमना फोन करा.

आर्ट्सबद्दल लिहायला हात धजत नाही, पण प्रामाणिकपणे सांगतो, तिथली यादी पाहून जीव हरखतो. तर्कशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, बालविकास, पाली, अर्धमागधी! मिसळीच्या हॉटेलात काळा रस्सा की लाल, दही की पापड, यावर दहा मिनिटं घालवणाऱ्या गावाला इतके पर्याय. माझी भाची ही यादी घेऊन गेल्या वर्षी एका कॉलेजच्या खिडकीशी गेली. मीही सोबत होतो. तिला मानसशास्त्र हवं होतं. खिडकीतले गृहस्थ चहाचा कप बाजूला सरकवत म्हणाले, "विषय आहे, पण शिकवायला कोणी नाही. भूगोल घ्या. भूगोलाच्या मॅडम आहेत." यादी दोन वर्षांपूर्वीची होती म्हणे. छापून ठेवलेल्या प्रती संपायच्या होत्या. भाचीने भूगोल घेतला. परवा विचारत होती, "मामा, माणसं अशी का वागतात रे?" मी म्हटलं, मान्सूनमुळे.

नवीन शैक्षणिक धोरणाचं नाव काढून कुणी तुम्हाला पेचात पकडेल. २०२० च्या त्या धोरणात लिहिलंय की कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नको, अभ्यासक्रमातलं आणि बाहेरचं असा भेद नको, मुलांना हवे ते विषय एकत्र घेता यावेत. म्हणजे फिजिक्सबरोबर संगीत. वाचायला छान आहे, जरूर वाचा. फक्त सकाळी सात ते अकरा क्लास, दुपारी टेस्ट सिरीज आणि मधल्या वेळेत हजेरीपुरतं कॉलेज, यात संगीताचा तास कुठे बसतो, ते धोरण लिहिणाऱ्यांना विचारा. सीईटीला २०० गुण असतात, त्यात रागाला एकही नाही.

तर फॉर्म भरून झाला. कॅफेवाल्याने प्रिंट काढली, पैसे घेतले, पुढच्या बापाला खुर्ची दिली. रिक्षाची वाट बघत तुम्ही उभे आहात आणि मुलगा प्रिंटवर बोट ठेवून विचारतोय, "बाबा, ऐच्छिक म्हणजे नक्की काय?"

त्याला सांगा, मराठी शब्द आहे तो, आता नाही लागणार. तू आयटी घेतलंयस.