पाहुण्याला वायफाय द्यावं कसं

कोकणात होमस्टे काढलात, मोदकांची कीर्ती पुण्यापर्यंत गेली, आता वायफाय तेवढं राहिलं. त्यात अवघड काही नाही. पासवर्ड ठेवा १२३४५६७८. वायफायच्या पासवर्डला किमान आठ अक्षरं लागतातच. नियम करणाऱ्याने तुमचीच सोय पाहिली असावी. तो लॅमिनेट करून 'चपला बाहेर काढाव्यात'च्या पाटीशेजारी चिकटवा आणि जन्मात बदलू नका. तीन वर्षांपूर्वी राहून गेलेलं कुटुंब मग येताजाता फाटकाबाहेर गाडी लावून सिनेमे उतरवून घेईल. हल्ली एवढे ऋणानुबंध कोण जपतो?

आयटीतला भाचा म्हणेल, "मामा, राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं, दोन मिनिटांचं काम." त्याला ताटावर बसवा. पाहुणे, सीसीटीव्ही, बिलाचा लॅपटॉप, प्रिंटर सगळे एकाच नेटवर्कवर नांदू देत. एकत्र कुटुंब म्हणतात ते हेच.

अगदीच आधुनिक दिसायचं असेल तर ओटीपीचं पान लावा. गावात रेंज नाही म्हणून पाहुणा वायफाय मागतो. वायफायला ओटीपी लागतो, ओटीपीला रेंज लागते आणि रेंज मिळते वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. पाहुणा धापा टाकत सडा चढतो, मेसेज येतो, खाली उतरेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. तो पुन्हा चढतो. दुसऱ्या खेपेनंतर भूक अशी लागते की घावन पुरवताना घरच्यांची तारांबळ उडते. (यालाच 'सडादर्शन' म्हणून पॅकेजात वेगळे पैसे लावायला हरकत नाही.) न्यू जर्सीहून आलेल्या जावयाची तर गोष्टच निराळी. त्याचा अमेरिकन नंबर ते पान घेतच नाही. जावई रुसायच्या आत तुमचा नंबर टाका. मध्यरात्री तो जे काही पाहील ते कागदोपत्री तुम्ही पाहिलेलं असेल. वयाच्या साठीला एवढा लौकिक पुरे.

फोनच्या मॅक पत्त्यावरून (म्हणजे नेटवर्कवर फोन ओळखायच्या क्रमांकावरून) माणूस ओळखू, असं कुणी सुचवलं तर जरूर करा. २०१९-२० पासून फोन आपला खरा पत्ता झाकून नेटवर्कला भलताच सांगायला शिकलेत. आपल्याकडचे काही भाडेकरू हे त्याआधीपासून करत आले आहेत.

बाकी काळजी नको. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा ईमेल गेला होता, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून. माग काढत पोलीस पोहोचले ते वायफायच्या मालकाकडे. पण सानपाडा कुठे आणि तुमची वाडी कुठे! शिवाय तुमच्याकडे रजिस्टर आहे, प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स आहे, आणि राउटरच्या यादीत सत्तावीस 'रेडमी' आहेत. कुणी चौकशीला आलंच तर ती यादी पुढे करा. आणि सोलकढी विचारा. साहेब उन्हातून आलेले असतील.