काका, बँकॉकमध्ये आईने काय खाल्लं ते सांगते

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "मी आणि बायको साठीच्या पुढचे, दोघंही शाकाहारी. परक्या देशात पोट बिघडलं तर निस्तरायचं कुणी? ओळखीच्या दुकानात बर्गर आणि फ्राइज खाल्ले म्हणून आमचा प्रवास वाया गेला हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

आधी माझी चूक. बँकॉकच्या लेखात मी लिहिलं होतं की तिथे जाऊन बर्गर खाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेच्या वाळवंटातूनच परत फिरणं. हे वाक्य मनाला लागण्यासारखंच होतं. दमूनभागून आलेल्या माणसाने काय खावं यावरून त्याच्या प्रवासाची किंमत करायचा मला काहीच अधिकार नाही. आजच ते वाक्य काढून टाकलंय. माफ करा.

पण शाकाहारी माणसाला ओळखीची पाटीच सुरक्षित, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आणि हे मी तरुण पोटाच्या जोरावर बोलत नाहीये. त्या प्रवासात माझ्याबरोबर आई होती. वय 71, रक्तदाबाची गोळी चालू, उभ्या आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही.

पहिल्या रात्री मी तुमच्यासारखाच विचार केला होता. उशीर झाला होता, आई थकली होती, समोर मॉलमध्ये ओळखीची पाटी दिसली. "मांस नको" असं तीनतीनदा सांगितलं, काउंटरवरच्या मुलीने हसून मान डोलावली. बर्गर आला. आईने पहिला घास घेतला आणि थांबली. आत माशाची टिक्की होती. त्या मुलीचं काही चुकलं असं मला वाटत नाही, तिच्या लेखी मासा हे मांस नसावं. आई एक शब्द बोलली नाही. कागदी रुमालात घास काढला, दोन वेळा चूळ भरली आणि खोलीवर जाऊन पुण्याहून आणलेला लाडू खाऊन झोपली. तिचा तो गप्प चेहरा मी विसरलेले नाही.

तेव्हा मला कळलं की आपली ओळख असते ती फक्त पाटीशी. मॅकडोनाल्ड्स 1996 साली भारतात आलं तेच गोमांस वगळून. इथे शाकाहारी पदार्थांचं स्वयंपाकघर वेगळं, पाकिटावर हिरवा ठिपका, आणि आलू टिक्की तर आपल्यासाठीच बनवलेली. सीमा ओलांडली की यातलं काहीही गृहीत धरता येत नाही. फ्राइजचंच बघा. अमेरिकेत या कंपनीने 1990 मध्ये वनस्पती तेलात तळायचं जाहीर केलं, पण चवीसाठी गोमांसाचा अंश त्यात होताच. तिथल्या हिंदू आणि शाकाहारी मंडळींनी 2001 मध्ये खटला भरला. त्या वेळी आपल्याकडे ठाण्यातल्या दुकानाची तोडफोडही झाली, खरं तर भारतातल्या फ्राइजमध्ये तसलं काही नव्हतं. पुढे 2002 मध्ये कंपनीने माफी मागून 1 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. नाव तेच, रंग तेच, आतला बटाटा मात्र देशोदेशी वेगळा.

आता रस्त्यावरचं. थायलंडमध्ये "जे" नावाचा एक शब्द आहे, तो काकूंनाही पाठ करून घ्यायला सांगा. चिनी बौद्ध परंपरेतून आलेला कडक शाकाहार म्हणजे जे. मांस, मासे, अंडी, दूध काही नाही. एवढंच काय, कांदा-लसूणही नाही. आपल्याकडच्या जैन जेवणाच्या इतकं जवळचं काही तिथे सापडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अशा गाडीवर पिवळी पताका असते आणि तिच्यावर लाल अक्षरं, आपल्याला ती 17 आकड्यासारखी दिसतात. दुसऱ्या दिवशी यावरात या चिनी वस्तीत आम्ही ती पताका शोधली. टोफू, मशरूम आणि हिरव्या भाजीचा परतलेला भात मिळाला. आई गाडीला खेटून उभी राहिली आणि कढईत काय काय पडतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती. बर्गरच्या दुकानात हे शक्यच नव्हतं.

सगळंच रस्त्यावर खा असं मी म्हणत नाही. कच्च्या पपईची कोशिंबीर, सोम ताम, शाकाहारी दिसते, पण तिच्यात नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी आणि सुकी कोळंबी असते. ती घालू नका म्हटलं तरी खलबत्ता तोच, म्हणून आईला मी ती दिली नाही. केळ्याच्या रोटीत अंडं फोडतात, तेव्हा "माय साय खाय", अंडं नको, असं आधीच सांगायचं. आणि नाम प्ला नको असेल तर "माय साय नाम प्ला".

पोटाची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण बहुतेक जुलाब जिवाणूंमुळे होतात आणि उकळत्या, चरचरत्या आचेला ते टिकत नाहीत. म्हणून गर्दीची गाडी बघायची, जिथे माल पडून राहत नाही. समोर शिजलेलं, वाफाळतं तेवढंच घ्यायचं. कापून ठेवलेली फळं आणि कच्ची पानं टाळायची, मग ती गाडीवर असोत नाहीतर वातानुकूलित दुकानातल्या बर्गरमध्ये. पाणी बाटलीचं, सील बघून. ओआरएसच्या चार पुड्या पर्समध्ये. पाच दिवसांत आईला एकदाही त्रास झाला नाही. एकीच्या अनुभवावरून सगळ्यांना हमी देता येत नाही हे मला कळतं, पण काळजी घेणं आपल्या हातात आहे. आणि एखाद्या दिवशी वरण-भातासारखं काही खावंसं वाटलं तर यावरातला लागूनच फाहुरात आहे, तिथली जुनी भारतीय वस्ती. तिथे गुरुद्वाराही आहे.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये जायचं म्हणताय, म्हणून एक सांगते. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथे जे पाळण्याचा उत्सव असतो. बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो. 2024 मध्ये तर दोन्ही 3 ऑक्टोबरलाच बसले होते. त्या दिवसांत यावरातच्या रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे पिवळ्या पताका लागतात. अधिक महिन्यामुळे कधी तारखा पुढेमागे होतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या वर्षीचे दिवस तेवढे तपासा.

आणि खनोम क्रोक चुकवू नका. ते विकणारी एक बाई कोळशाच्या शेगडीवर खळग्याखळग्यांचा जाड तवा ठेवून बसली होती. तांदळाच्या पिठाचं पातळ भिजवण, वर नारळाचं दूध, मग मातीचं झाकण. झाकण काढलं तर कडा कुरकुरीत आणि मध्ये डळमळीत दूध. आईने द्रोणातला एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, हे तर आपल्या आप्प्यांचं भावंड." मग तिने हाताने खुणा करून त्या बाईला विचारलं की तव्याला तेल कशाने लावतेस. त्या बाईने फडक्याची पुरचुंडी उचलून दाखवली. आमच्याकडेही अगदी तशीच आहे.