तसबीर भिंतीकडे तोंड करून

2025च्या सप्टेंबरात दुबईत भारत-पाकिस्तान सामना होता, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण माजलं होतं. पहलगामनंतर यांच्याशी खेळायचंच कशाला, हे काकांचं म्हणणं. खेळाडूंनी काय घोडं मारलंय, हे मावसभावाचं. मी इथे मेलबर्नमध्ये बसून दोघांनाही अंगठे दाखवत होतो.

हाच वाद या शहरानं शंभरेक वर्षांपूर्वी घातला होता. माझी रोजची ट्रेन व्हिक्टोरिया पार्क स्टेशनात थांबते. शेजारी कॉलिंगवुड या फुटी (ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल) क्लबचं जुनं मैदान आहे. 1914 पासून क्लबचा कप्तान होता बेंडिगोचा डॅन मिनोग. पहिल्या महायुद्धात तिकडे तुर्कस्तानात गॅलिपोलीत पोरं मरताहेत आणि धडधाकट गडी शनिवारी चेंडूमागे धावताहेत, असा ओरडा तेव्हा झाला. 1916 मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या नऊपैकी पाच क्लब बंद राहिले. कॉलिंगवुड, रिचमंड, कार्लटन आणि फिट्झरॉय मात्र खेळले. (साखळीत तळाला राहिलेला फिट्झरॉयच शेवटी विजेता ठरला. संघ चारच, मग सगळेच बाद फेरीत, करणार काय!) कॉलिंगवुड, रिचमंड म्हणजे कामगारवस्त्या. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्याला शनिवारची फुटी सोड म्हणणं इतरांना सोपं होतं. आपल्याकडेही खेळ थांबवा म्हणणाऱ्याचं स्वतःचं सहसा काही थांबत नसतं.

मिनोग मात्र गणवेश चढवून निघून गेला. 28 ऑक्टोबर 1916 रोजी लंडनच्या क्वीन्स क्लबवर ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांनी रेडक्रॉसच्या मदतीसाठी फुटीचा सामना खेळला. त्यात तो होता. गंमत म्हणजे त्याच दिवशी ऑस्ट्रेलियात सक्तीच्या लष्करभरतीवर जनमत घेतलं गेलं आणि कौल थोडक्यात 'नको' असा आला. मिनोगच्या संघाचा कप्तान ब्रूस स्लॉस पुढच्या जानेवारीत फ्रान्समध्ये आर्मेंतिएरजवळ मारला गेला.

मिनोग परतला, पण तोवर ऐन भरातले हंगाम निघून गेले होते. 1917 आणि 1919ची विजेतेपदं कॉलिंगवुडनं त्याच्याविना जिंकली. त्याला आता रिचमंडकडे जायचं होतं. जुन्या सहकाऱ्याला क्लबनं दिलेली वागणूक त्याला खटकली होती म्हणतात. कॉलिंगवुडनं परवानगी नाकारली. रणांगणावरून आलेला आपला कप्तान 1919चा अख्खा हंगाम बाहेर बसला. क्लबात लावलेली त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवली, असंही सांगतात. मला तर सैनिकप्रेमाची खरी परीक्षा इथेच दिसते. तो लढायला जातो तेव्हा हार घालणं सोपं. परत येऊन स्वतःच्या मर्जीचं काही मागतो तेव्हा?

1920 मध्ये तो रिचमंडचा कप्तान आणि प्रशिक्षक झाला. त्या वर्षी रिचमंडनं लीगचं आपलं पहिलं विजेतेपद जिंकलं, अंतिम सामन्यात कॉलिंगवुडलाच हरवून.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर आलं, "ते ठीक आहे रे, पण तू सामना पाहिलास की नाही ते सांग." पाहिला होता. इथे रात्रीचे दोन वाजले होते.